आधी सांगणारा उत्तम

मुलगी बघायला गेलं की उत्तम आधी पोह्यांना हात लावत नसे. बशी समोर आली की मुलीच्या वडिलांना म्हणायचा, "आमाला दोघांना जरा बोलू द्या, मग खातो." घरातले हसायचे, मुलगा नव्या वळणाचा दिसतो म्हणायचे आणि दोघांना गच्चीवर पाठवायचे. थोड्या वेळानं उत्तम खाली यायचा, गार झालेले पोहे खायचा, निरोप घ्यायचा. पुढं नकार कळायचा.

गाडी माझी, म्हणून सोबत मी. परभणीत आम्ही एका खोलीवर राहायचो. तो माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता, मी एका संस्थेत कारकून. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. त्यामुळे उत्तम मला पदवीधर म्हणायचा. "चला पदवीधर, गाडी काढा. पालमला नकार आणायला जायचंय."

त्याच पालमहून परतताना मी विचारलं, "गच्चीवर तू पोरींना सांगतोस तरी काय?"

मागच्या सीटवरून तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "मला पोरी आवडतात, तशी पोरंबी आवडतात. कॉलेजात एका पोरावर लय जीव होता माझा. ते सांगतो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मला कधी बोलला न्हाईस."

"तुझ्याशी थोडंच लग्न करायचंय मला?"

"अरे, पण पोरी आवडतात ना? मग झालं की. ते दुसरं गिळून टाक. कोण विचारायलंय?"

"एसटीत बसायच्या आधी माणसाला पाटी वाचू द्यावी. जिच्याशी लग्न करीन तिच्याशीच इमानानं नांदीन. पण मी हाच राहणार ना? तिला ठाऊक पाहिजे."

बहुतेक मुली हे पोटात ठेवायच्या. घरी सांगायच्या, उंची कमी वाटली, नाक आवडलं नाही. उत्तमचे मामा हैराण झाले होते. "पोरगं नोकरीला हाय, सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. लोकांना पाहिजे तरी काय?" उत्तम मला हळूच म्हणायचा, "बिचाऱ्या माझ्यापायी खोटं बोलायल्यात."

आता तो नाशिकला असतो. फोनवर बोलणं होतं. पण त्याची आठवण निघाली की मला एकच दुपार दिसते.

राणीसावरगावची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. नकाराचं कारण घरच्यांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगून टाकलं. कुणाचा विश्वास बसला नाही. लग्न टाळायला पोरीनं चांगल्या मुलावर घाण उडवली, असं ठरलं. तिचं कॉलेज बंद झालं. आणि तिचे वडील मोठ्या मुलाला घेऊन परभणीला आले, उत्तमची माफी मागायला.

आम्ही त्याच्या ऑफिससमोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. म्हाताऱ्यानं येऊन हात जोडले. "पाव्हणं, पोरगी चुकली. तुमच्याबद्दल नको ते बोलली. आता तिला घरीच बसवलंय. तुमी मनात धरू नका."

शेजारच्या बाकांवर उत्तमच्याच ऑफिसातली माणसं. त्याला फक्त "असू द्या काका" एवढंच म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात त्याच्या वतीनं म्हणूनही टाकलं.

उत्तम उठून उभा राहिला. "काका, तुमची लेक खोटं बोलली न्हाई. मीच सांगितलं तिला. खरं हाय ते."

मुलीच्या भावानं पुढं होऊन त्याची कॉलर धरली. "कोण होता तो पोरगा? नाव सांग."

"माझं होतं, ते मी सांगितलं. त्याचं सांगणार न्हाई."

म्हाताऱ्यानं लेकाचा हात खाली ओढला. उत्तमला विचारलं, "असलं आमच्या पोरीला कशापायी सांगितलंत?"

"जिला माझ्यासंगं जन्म काढायचा, तिला न्हाई सांगायचं तर कुणाला सांगू, काका?"

म्हाताऱ्यानं खिशातला फोन काढून लेकाच्या हातात दिला. "बहिणीला लाव. म्हणावं, उद्यापासून कॉलेजला जा."

असं धाडस मी आजवर दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. मला वाटायचं, उत्तमला भीती म्हणून वाटतच नसावी. पण ते दोघं गेले आणि तो बाकावर बसला, तेव्हा म्हणाला, "लय भ्यालो होतो रे." ऑफिसातली माणसं एकेक करून उठून गेली, कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"चल, खोलीवर जाऊ," मी म्हणालो.

"थांब. सांजच्याला गावात कळंल. आईला दुसऱ्याच्या तोंडून नको कळायला."

त्यानं फोन लावला.

"आई, जेवलीस का? ... न्हाई, तब्येत चांगली हाय माझी. एक सांगायचंय. आधी खाली बस."