धडधाकट माणसाचा थेंब

शुक्रवारची दुपार आहे आणि अबोली गुरवचा डोळा लागतोय. पापणी खाली आली की ती दचकते, पडद्यावरची हिरवी रेघ सरळ आहे ना ते बघते आणि पुन्हा पेंगते. प्रयोगशाळेत चिटपाखरू नाही. बाकीची मंडळी खाली सभागृहात खुर्च्या लावायला गेलीत, कारण उद्या समिती यायची आहे. अबोलीचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यांत पाठवायचं की नाही, ते उद्या ठरणार. गेला आठवडाभर पोरीला धड झोप नाही, आणि आत्ता नको तेव्हा येतेय.

यंत्र म्हणाल तर पंज्याएवढं. आत क्वार्ट्झची एक चकती असते. ती विजेवर थरथरते आणि त्या थरथरीला तिचा स्वतःचा सूर असतो. आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राला येतो. चकतीवर ग्राफिनचा पापुद्रा. ग्राफिन म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तो कार्बनच, पण जाडी अवघ्या एका अणूची. या पापुद्र्यावर असे रेणू बसवलेत की हृदयाला इजा झाल्यावर रक्तात जे प्रथिन उतरतं, तेवढंच त्यांनी पकडावं. पकडलं की चकतीवर वजन वाढतं, सूर उतरतो, पडद्यावरची रेघ खाली येते. झटका आलाय की नुसतं पित्त झालंय, हे जागच्या जागी कळतं. पण तो पापुद्रा चकतीवर अख्खा उतरवणं म्हणजे दुधावरची साय न फाडता उचलणं. बहुतेक चकत्या वायाच जातात, आणि चांगली निघाली तरी एकदाच चालते, रक्त पडलं की संपली. आत्ता यंत्रात आहे ती शेवटची चांगली, आणि उद्या तीच दाखवायची आहे.

"रेघ हलत न्हाई व्हय गं?"

अबोली मान वळवते. शेजारच्या स्टुलावर तिचे वडील बसलेत, नाना. पांढरा सदरा, खिशात चष्मा, पायात एकच चप्पल. दुसरी त्या दिवशी दवाखान्यात नेताना रिक्षातच राहिली, ती राहिलीच. नाना जाऊन वर्षं लोटली हे अबोलीला पक्कं ठाऊक आहे. तरी तिला नवल वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की इतक्या दिवसांनी आले आणि डब्यात काही उरलं नाही.

"नाना, चपला बाहेर काढायच्या असतात इथं."

"एकच हाय. अर्धी चालंल का?"

हसावं की रागवावं तिला कळत नाही. नाना बोटाचं पेर वाकवतात आणि यंत्रावर टकटक करतात. आवाज येतो तो मातीच्या मडक्याचा, खणखणीत. बघते तर समोर मडक्यांची रास, वर गोणपाटाची सावली, बाजाराचा गलका. नाना एकेक मडकं उचलून वाजवून बघताहेत.

"नाना, मला वेळ नाही. उद्या समिती आहे."

"मग बाजाराला कशाला आलीस?"

"मी आलेच नाही! तुम्ही आणलंत!"

"बरं बरं, वरडू नको." ते तिच्यापुढे एक मडकं धरतात. आत पाणी आहे आणि पाण्यावर ग्राफिनचा पापुद्रा तरंगतोय. खरं तर तो डोळ्यांना दिसूच नये. "हात लावू नका!" म्हणून ती किंचाळते, मडकं पोटाशी धरते आणि मटकन खाली बसते. बसते ती बाकावर. हिरव्या भिंतीचा, डेटॉलच्या वासाचा तालुक्याचा दवाखाना. मडकं कुठंच नाही, मांडीवर यंत्र आहे.

शेजारी नाना घामाने भिजलेत. "पित्त झालंय गं," ते म्हणतात. "आमसुलाचं सार घेतलं की बसंल."

अगदी हेच म्हणाले होते. याच बाकावर. रक्त तपासायला शहरात गेलं, आणि कागद आला तेव्हा घ्यायला नाना नव्हते. अबोलीने पुढे काय शिकायचं ते त्या बाकावरच ठरलं. आईने कितीदा विचारलं, लग्नाचं काय, घरी कधी येतेस. हिचं एकच पालुपद, यंत्र होऊ दे.

"बसायचं नाही नाना. बोट द्या इकडं."

ती सुई टोचते, थेंब चकतीवर सोडते. रेघ क्षणभर थरथरते आणि सरसर खाली येते.

"पकडलं! नाना, पकडलं बघा!" अबोलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. "आता थांबायचं नाही. आता गाडी येईल, तुम्हाला नेतील."

"शाब्बास गं माझे वाघिणी!" नाना तिच्या पाठीवर थाप मारतात. मग डोळे बारीक करतात. "आता तुझं घाल."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"आपल्या घरात थर्मामीटर आणला तवा काय केलं हुतं?"

काय केलं होतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, आणि नाना धडधाकट माणसांच्या काखेत थर्मामीटर घालत घरभर फिरताहेत! भाकऱ्या थापणाऱ्या आईलासुद्धा सोडलं नाही. तिने परातीवरून उठून अशी काही उत्तरपूजा केली की विचारू नका. आजाऱ्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. धडधाकटाला ताप नाही असं आधी सांगू दे, मगच आजाऱ्याचं खरं धरायचं, हा त्यांचा हिशेब.

"नाना, चकती शेवटची आहे."

"मग?"

मग काय, मग कपाळ! दुखणं नेमकं इथंच आहे. यंत्रावर रोग्यांचं रक्त घातलं, रेघ उतरली. मिठाचं पाणी घातलं, रेघ सरळ राहिली. झालं, सगळे खूश. पण निरोग्याचं रक्त? चकत्या आधीच मोजक्या, धडधाकट माणसावर कशाला वाया घालवायच्या, असं म्हणत म्हणत अबोली ते पुढं ढकलत आलीय. प्रयोगशाळेच्या प्रमुख इनामदार मॅडमनी विचारलं, "निरोगी माणसांचे नमुने झाले ना?" तर म्हणाली, "होतायत, मॅडम." होतायत म्हणे! तेव्हापासून घास गिळत नाही आणि अंग टेकलं की उठून बसते.

"टोच की गं. भितीस व्हय?"

ती भिते. तरी टोचते. थेंब पडतो आणि रेघ खाली येते. तशीच सरसर, तेवढीच खोल.

नाना रेघेकडे बघतात, मग लेकीकडे. "तुला बी झटका आला?"

"नाही हो... रक्तातलं दुसरंच काही चिकटत असेल पापुद्र्याला. वाटेल ते."

"मंजे सब घोडे बारा टक्के!" नाना मांडीवर हात मारून हसतात.

बाक लांबत चाललाय. अबोलीच्या शेजारी माणूस, त्याच्या शेजारी माणूस. कुणाला ढेकर आलेत, कुणाची पाठ धरलीय, एक बाई तर नुसती सोबत म्हणून आलीय. सगळ्यांच्या बोटांवर रक्ताचा थेंब आणि सगळ्यांची रेघ खाली. दारात एकच गाडी आहे. ड्रायव्हर हाक मारतोय, "झटकेवाले चला! नंबराने या, ढकलाढकली नको!" लोक उठून गाडीत बसताहेत. आणि नाना रांगेच्या पार टोकाला, भिंतीला टेकून उभे. इतके लांब कसे गेले?

"त्यांना आधी घ्या!" अबोली ओरडते. "त्यांना खरोखर आलाय!"

"ताई, यंत्रात सगळ्यांचं सारखंच दिसतंय. आम्ही कुणाचं खरं मानायचं?"

ती रांगेतून धावते, माणसं संपत नाहीत. नानांचा सदरा ओलाचिंब झालाय. तरी ते तिच्याकडे बघून हसतात, माणूस लेकीला धीर द्यायला हसतो तसे.

"अबोले, माझा नंबर कवा लागतोय, बघ की गं जरा."

खाली सभागृहात खुर्ची घासल्याचा आवाज होतो आणि अबोली जागी होते. गाल टेबलाला चिकटलाय, घशाला कोरड पडलीय. स्टूल रिकामं आहे. ती वेड्यासारखी स्टुलाखाली चप्पल शोधते. चप्पल नाही.

मग बोट ठणकतं. डाव्या हाताच्या बोटावर सुईची खूण आहे आणि त्यावर सुकत आलेला लाल ठिपका. रोग्यांसाठी आणलेल्या सुयांचा डबा उघडा पडलाय. यंत्राच्या खळग्यात, शेवटच्या चांगल्या चकतीवर, रक्त आहे. पडद्यावर रेघ खाली येऊन सरळ झालीय, तितकीच खाली, जितकी आजवर प्रत्येक रोग्याची आली.

झोपेत कुणी टोचलं, हे ती स्वतःला विचारत नाही. चकती गेली. ही रेघ पुसून टाकली तरी उद्या दाखवायला रोग्यांच्या जुन्या रेघा आहेत, कुणाला पत्ताही लागायचा नाही. हा विचार येतो, आणि त्याच्या मागोमाग भिंतीला टेकलेला तो ओला सदरा. अबोली फोन उचलते.

"बोल गं," इनामदार मॅडम म्हणतात. "तयारी झाली?"

"मॅडम, उद्याचं थांबवा."

"अगं, का? काय झालं?"

"मला काहीच झालेलं नाही, मॅडम. मी ठणठणीत आहे." ती ठणकणारं बोट मुठीत घट्ट धरते. "आणि आपलं यंत्र सांगतंय, मला झटका आलाय."