आंब्याचे बाक

चर्चच्या कारभाऱ्याने मला फसवले. गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून त्याने आंब्याचे जुने बाक सागाचे म्हणून माझ्या गिरगावातल्या दुकानात खपवले.

हे मला त्याच चर्चच्या सुताराने सांगितले. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, ट्राम बंद होत्या, म्हणून तो परळहून चालत आला. त्याने एक बाक उलटा केला, पटाशीने कड उचकटली, भुसा फुंकला.

"शेठ, साग नुसता वरून. आत आंबा आहे. कारभाऱ्यांनी सांगितलं, मी वरचा साग चिकटवला."

मी भडकलो. "मग आता कशाला आलास? काम जाईल ना तुझं!"

"जाईल. पण उद्या रविवार. हे पोटात ठेवून प्रार्थनेला बसवत नाही."

तो पाणी प्यायला, पटाशी सदऱ्याला पुसली आणि निघाला. नाव विचारायचे राहूनच गेले.

सोमवारी मी चर्चमध्ये भांडायला गेलो, तर सुताराला काढून टाकले होते. रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने लोकांसमोर स्वतःच सगळे कबूल केले होते म्हणे. कारभारी मात्र अजून दर रविवारी सगळ्यांपुढे उभा राहून बायबल वाचतो.

बाकांचे मी बघून घेईन, पारख माझी चुकली. पण खरे बोलणाऱ्याला का काढले, याचे उत्तर कारभाऱ्याने भर चर्चमध्ये द्यावे, त्याच बायबलवर हात ठेवून.