शालिकराम माळ्याची बैठक

अमरावतीच्या शिवेला शालिकराम माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, कडेनं झेंडू. त्याला नाद पखवाजाचा. देवळातल्या भजनांत वाजवून हात बसला होता, पण सगळं ऐकीव. आपलं कुठं काय चुकतं, हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी बत्तिसाव्या वर्षी वांग्यांची टोपली घेऊन तो उस्ताद नूरखाँच्या दारात उभा राहिला. खाँसाहेबांचं उभं आयुष्य एलिचपुरात पखवाज वाजवण्यात गेलं होतं. म्हातारपणी ते लेकीकडं आले होते. त्यांनी वांगी ठेवून घेतली आणि शिकवायला नकार दिला. एकट्याला दिलेली विद्या त्याच्याबरोबरच संपते, म्हणाले. ताल ओळखणारी दहा माणसं जमव, मग बोलू.

ते साल अठराशे त्रेसष्ट. विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची अशी भूक लागली होती, की अमरावतीच्या बाजारापासून पार नाल्यापर्यंत गाड्यांची रांग लागे. वजनाची पाळी यायला तीन-तीन दिवस. शालिकराम त्या रांगेतून भाजी विकत फिरे आणि माणसं हेरी. दर्यापूरचा पुंजाराम कास्तकार गाडीच्या धुरीवर बोटं वाजवत बसलेला सापडला. अकोल्याचा गाडीवान देवीदास बैलांना पाणी पाजताना सुरात गुणगुणत होता. फुटाणे विकणारी पार्बताबाई मात्र आपणहून आली. “मले बी बसू द्या,” एवढंच म्हणाली. दोघं-तिघं कुरकुरले. शालिकरामनं तिच्यासाठी पोतं अंथरलं.

रोज बसायला कायमची जागा हवी होती. त्यानं मळ्यातला वांग्यांचा एक पट्टा उपटून जमीन चोपून घेतली. भाऊ गोवर्धन संतापला.

“लोक बांधावर कापूस पेरून राहिले, अन् तू जमीन मोकळी ठेवतो?”

“मोकळी कुठं? माणसं बसतीन तिथं.”

गोवर्धन महिनाभर बोलला नाही. पण रोज दुपारी माणसं येत राहिली. गाडी रिकामी झाली की गाडीवान गावी जाई, पुढच्या खेपेला आणखी एकाला घेऊन येई. देवळातला पखवाज मागून आणलेला; शालिकराम वाजवी, बाकीचे हातानं ताल धरत. चौतालाच्या बारा मात्रा गाडीवानांच्या तोंडी बसल्या.

माघातल्या एका दुपारी खाँसाहेब न कळवता आले आणि मागच्या बाजूला, बांधावर टेकले. त्यांना पाहूनही शालिकरामनं हात थांबवला नाही. आवर्तन संपलं तेव्हा पार्बताबाई बोलली.

“दादा, तुमी दर खेपेले दहाव्या मात्रेवर घाई करता.”

शालिकरामला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. इतक्या वर्षांचा हात, आणि चूक काढली फुटाणेवालीनं, तीही उस्तादांपुढं. खाँसाहेब पुढं आले. तेच आवर्तन पुन्हा वाजवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं.

“बाई खरं सांगते,” ते म्हणाले. “हा दोष मी त्या दिवशी दारातच काढला असता, तर तू एकटा सुधारला असतास. आता इथं तीस माणसांना तो ऐकू आला.”

त्यांनी पखवाज मांडीवर ओढला आणि दहावी मात्रा कशी तोलून धरायची ते सगळ्यांना मिळून शिकवलं. शालिकराम सगळ्यांत पुढं बसला होता. लाज केव्हाच विरून गेली होती. कितीतरी वर्षांचं कोडं हातातून सुटताना त्याला हसू आवरेना.

पुढं चार वर्षं खाँसाहेब दर आठवड्याला मळ्यात आले. पाचव्या वर्षी देवीदासनं अकोल्यात सगळ्यांना बोलावलं. मोर्णेच्या काठी, भर सकाळी, शालिकराम पखवाज घेऊन बसला आणि दोनशे माणसांनी त्याच्याबरोबर ताल धरला. समेवर सगळे हात एकदम पडले, तेव्हा नदीपलीकडचे धुणं धुणारे लोक मान वर करून पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीची मंडळी परत निघाली. पार्बताबाई गाडीत चढली नाही. अकोल्याच्या बायांनी तिला ठेवून घेतलं होतं. त्यांनाही शिकायचं होतं.