मोजायचं कुणाशी

माझी ताई प्राथमिक शाळेत शिकवायची. घरी आली तरी बाईंची नजर काही सुटायची नाही. मी घातलेली चादरीची घडी पाहूनसुद्धा म्हणायची, "मागच्या वेळेपेक्षा कोपरे बरे जुळलेत." मला राग यायचा. कौतुक करायचं तर सरळ करावं ना!

पण तिची रीतच तशी. तिच्या वर्गातली एक मुलगी लेखी परीक्षेत कोरा कागद देऊन यायची. मुख्याध्यापक तिला त्याच इयत्तेत ठेवायला निघाले, तेव्हा ताई हटून बसली. "मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या खेळाचे गुण ही मुलगी तोंडी लक्षात ठेवते, भांडणंही सोडवते. मी वर्षभर बघतेय सर, तुम्ही एक कागद बघितलात." मुलगी वरच्या वर्गात गेली. पालकसभेत तर ताईचं पालुपद ठरलेलं, "पोराला शेजारच्याशी मोजू नका. कालच्या त्याच्याशी मोजा." घरी आम्ही तिची नक्कल करून हसायचो.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा बसली. उभा जन्म बोलण्यात घालवलेली बाई एका "ती"वर आली. पाणी हवं असलं तरी "ती", चिडली तरी "ती".

रुग्णालयात बोलायला शिकवणारी मुलगी तरुण होती, मायाळू होती. पण तिनं बजावलं होतं, या चाचणीत प्रगती दिसली नाही तर उपचार थांबवावे लागतील, बाहेर रांग मोठी आहे. त्या दिवशी तिनं एकेक चित्र पुढं केलं. छत्री? "ती." कुलूप? "ती."

माझा तोल गेला. "अहो, सुरुवातीला ही घरातली माणसंही ओळखत नव्हती! काल नातीचं गणित चुकलं, तर हिनं नेमक्या चुकलेल्या पायरीवर बोट ठेवलं. ते कुठं बसतं तुमच्या चित्रांत?"

"चाचणीत ते धरता येत नाही हो, मावशी."

मावशी म्हटल्यावर मी आणखीच भडकले. पण भावोजी खचून गेले होते. म्हणाले, "जाऊ द्या. इथं उपचाराला येणारे ते पोस्टमन आपल्यानंतर आले, घडाघडा बोलायला लागले. हिचं मात्र..."

ताईनं डावा हात टेबलावर आपटला. ओठ वाकडे झाले, कपाळावर घाम फुटला.

"काल... कालच्या... माझ्याशी..." पुढचा शब्द सापडेना. तिनं डोळे घट्ट मिटले. "मोजा."

त्या मुलीनं चाचणीचा कागद बाजूला सारला. "सोमवारी या," एवढंच म्हणाली.

भावोजी ढसाढसा रडायला लागले. वर्षभर शिकवूनही धडा न कळलेल्या पोराकडे बघावं, तशी ताई त्यांच्याकडे बघत होती.