दिल्लीत जागा घटल्या अन् पुढारी आमच्या अंगणात आले

मंडळी, डोकं अजून तापून आहे, म्हणून लिहून राह्यली.

दुपारी लोकसभेचा निकाल लागला. सत्तेतल्या पक्षाचं बहुमत गेलं, आता मित्रपक्षांच्या टेकूवर सरकार. अन् संध्याकाळी त्याच पक्षाचे आरमोरीचे पुढारी थेट आमच्या अंगणात!

वनहक्काच्या पट्ट्यासाठी, म्हणजे आम्ही कसतो त्या जंगलजमिनीच्या कागदासाठी, माझी आई चार वर्षं त्यांच्याकडे चकरा मारते. मतदानाच्या आधी त्यांनी तिले पायरीवरूनच परत पाठवलं होतं. "तुमच्या चार मतांनी दिल्ली हालत नाई, बाई," म्हणाले होते.

आज हात जोडून म्हणतात, "काकू, अर्ज द्या, मी स्वतः साहेबाकडे नेतो. विधानसभेले आमच्यावर लक्ष असू द्या."

आई मोहाच्या बिया फोडत बसली होती. उठलीसुद्धा नाई.

"अर्ज तुमच्याच घरी पडून आहे, भाऊ. सापडला तर नेऊन द्या. मत मात्र मांगू नका."

ते गाडीत बसून निघून गेले.

पट्टा मिळेल का, माहीत नाई. पण माझ्या आईले माणूस समजायले यांच्या पक्षाचं दिल्लीतलं बहुमत जावं लागलं, याचा मले भयंकर राग आहे. बहुमत आलं असतं तर हा माणूस आज आला असता का? तुम्हीच सांगा.