आईच्या कीबोर्डचा कंट्रोलर

आईचा कीबोर्ड भंगारात द्या, असं जो तो मला सांगत होता, आणि तेही तिच्यासमोर. माणसाची नजर अधू झाली की कानही गेले, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. ती बाजूच्या खुर्चीत शेंगा सोलत बसलेली असायची आणि सगळं ऐकायची.

आई सरकारी कार्यालयात मराठी टायपिस्ट होती. टाइपरायटर गेले, मग मराठी टाइप करायची यंत्रं आली, पुढे तीही मोडीत निघाली. तेव्हा आपल्या यंत्राचा कीबोर्ड तिने साहेबांकडून मागून घेतला आणि मुलुंडच्या घरी आणला. पाट्यासारखा जड, बटणं खोलवर जाणारी, प्रत्येक दाबाला टक्क आवाज. त्यावरची अक्षरं तिच्या बोटांनी कधीच पुसून टाकली होती. इतकी वर्षं तो माळ्यावर असायचा आणि फक्त दसऱ्याला पूजेसाठी खाली यायचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. मधलं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं. तिचं एकच दुखणं होतं, मावशीला पत्र कसं लिहायचं. मावशी मालवणजवळच्या गावात राहते आणि तिला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. दोघी बहिणींचं बोलणं म्हणजे पत्रं, आणि तीही मालवणीत.

धाकटा भाऊ बोरिवलीहून नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या सपाट बटणांवर आईची बोटं भरकटायला लागली. कुठली ओळ वरची, कुठली खालची, काही लागेना. तासाभराने तिने हात मांडीवर घेतले आणि आपण टायपिंग विसरलो म्हणाली. भावाने लगेच दुसरा उपाय काढला. फोनमध्ये बोलायचं, तो लिहून घेतो. फोनला मालवणी कुठली कळायला? मग तो म्हणाला, तू सांग, मी लिहितो. तिने सांगितलं, त्याने लिहिलं, आणि लिहिता लिहिता सगळं शुद्ध मराठीत आणून निम्म्याने कापलंही. चांगलं सुटसुटीत केलंय, असं वर मलाच सांगतो. आईने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पाठवू नको म्हणाली.

"जन्मभर मी साहेबांचं डिक्टेशन घेतलं," ती मला म्हणाली, "आता मी डिक्टेशन देऊ? मनातलं?"

त्याच दिवशी मी माळ्यावर चढले.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे सोल्डरिंगची मला भीती नाही. अडचण होती ती जोडायची. त्या कीबोर्डच्या वायरीचं टोक आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लागत नाही. घाटकोपरच्या एका दुकानात तो घेऊन गेले, तर दुकानदाराने आधी एक तयार कन्व्हर्टर लावून पाहिला. काही उमटेना. हा कीबोर्ड फक्त आपल्या जुन्या यंत्राशीच बोलणारा, कन्व्हर्टरला त्याची भाषा येत नव्हती. म्हणजे आतला जुना कंट्रोलर काढून नवा बसवणं आलं. कंट्रोलर म्हणजे कुठलं बटण दाबलं गेलं ते तारांवरून ओळखून कॉम्प्युटरला कळवणारा छोटासा बोर्ड.

दुकानदाराने झाकण उघडलं आणि तो हसतच सुटला. बटणांच्या फटींत हळद-कुंकवाचे थर आणि स्पेसबारखाली चार अक्षता. पोऱ्यालाही हाक मारून दाखवलं त्याने. त्यात हसण्यासारखं काय होतं? ज्या वस्तूवर घर चाललं तिची पूजा केली, एवढंच. मात्र कुंकवाने काही बटणं अडकली होती हेही खरं होतं, आणि दर दसऱ्याला ते भक्तिभावाने घालणारी मीच होते, म्हणून जास्त बोलता आलं नाही.

मग त्याने सगळ्यात छोटा बोर्ड काढून दिला. मी कीबोर्डमधून निघालेल्या तारा मोजल्या. बावीस. बोर्डावर जोडायच्या जागा अठरा. एकेका तारेवर बटणांची अख्खी रांग असते, मग उरलेल्या चार तारांचं काय करू?

"मॅडम, चालून जाईल ना. थोडी बटणं नाय चालली तर आजींना काय फरक पडतोय?"

तो बोर्ड मी त्याच्या काचेवर ठेवला, कीबोर्ड उचलला आणि निघाले. बटणं नाहीत म्हणजे अक्षरं नाहीत. तुझ्या नावातली दोन अक्षरं काढून टाकू का, असं विचारायचं राहून गेलं याची मला अजून चुटपुट लागते.

शेवटी एक मोठा बोर्ड मागवला. महाग होता, पण जागा भरपूर होत्या आणि मुख्य म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ते आपलं आपल्याला ठरवता येत होतं. आता अक्षरांच्या जागा हव्यात. आईला विचारलं, 'क' कुठे आहे? तिला सांगताच येईना. मग तिने जेवणाच्या टेबलावर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि तिथेच एक शब्द टाइप केला. "हा बघ, इथे," म्हणाली. अशी अख्खी बाराखडी आम्ही टेबलावर शोधून काढली. विसरली म्हणे!

रविवारी सगळी बटणं ब्रशने साफ केली आणि तारा जोडायला बसले. नेमका तेव्हाच भावाचा फोन. एवढा खटाटोप कशाला, ताई, तिला आता जमणार नाही, उगाच आशा लावतेस. फोन स्पीकरवर टाकून एका हातात सोल्डरिंग गन धरून मी त्याच्याशी अर्धा तास भांडले. आई आत झोपलेली नव्हती, हे मला माहीत होतं. तारा जोडून झाल्या. प्रत्येक बटण दाबल्यावर पडद्यावर काहीतरी उमटतंय एवढं पाहिलं आणि आईला हाक मारली.

ती बसली. दोन्ही तर्जन्या आपापल्या बटणांवर टेकवल्या, आणि मग घरभर तो आवाज सुरू झाला, लहानपणी तिच्या कार्यालयात ऐकलेला. ती एकदाही अडखळली नाही. पान भरल्यावर म्हणाली, बघ गं किती चुका झाल्यात, आणि हात धुवायला गेली.

पडद्यावर पाहिलं तर सगळा गोंधळ. एकही शब्द धड नाही. क्षणभर मला वाटलं, भावाचंच खरं. मग लक्षात आलं, की जिथे 'क' हवा तिथे दर वेळी 'ल' होता आणि जिथे 'ल' हवा तिथे 'क'. अशाच आणखी काही जोड्या. भांडणाच्या भरात दोन तारा मी एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या. तिची बोटं पानभर बरोबर होती. अक्षरं मनातल्या मनात बदलत मी वाचायला लागले. दुसऱ्याचं पत्र आपण वाचतोय हे ध्यानात येईपर्यंत निम्मं झालं होतं, आणि तिथे हे लिहिलेलं होतं:

"डोळ्यांचा माका काय वाटणा नाय. पण चेडू माझ्यासाठी सगळ्यांवांगडा भांडता, ता माका सोसवणा नाय."

चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

मला इतका राग आला, की तो कुणावर काढावा ते कळेना. तिच्यासाठीच भांडत होते ना मी? त्या वाक्याशी कर्सर नेऊन ठेवला. एक ओळ गेली असती तर कुणाला कळणार होतं? आईला दिसत नाही, मावशीला माहीत नाही.

आई पदराला हात पुसत आली. मी तिला खरं सांगितलं. तुझी चूक एकही नाही, तारा मीच चुकवल्या, अक्षरं बदलून देते.

"म्हणजे तू वाचलंस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

ती माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "ते वाक्य काढू नको हं."

मी कर्सर तिथून हलवला आणि पहिल्या ओळीपासून एकेक अक्षर जागेवर आणायला बसले.