डांबरी काळा

माझे मामा चित्रकलेचे मास्तर. कंधारच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी नुसतं 'काळं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कोणतं काळं? काजळाचं, कोळशाचं का तव्याचं?" असं ते दुकानदारालाही दरडावत.

लिव्हरचा कॅन्सर पसरल्याचं कळलं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी मला बजावलं, "अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. संडास डांबरासारखी काळी झाली की आतून रक्त जातंय असं समजा. त्याच तासाला निघायचं." मग मला रोज सकाळी विचारावं लागे. भाचीनं मामाला असलं काय विचारायचं! मी नजर चुकवून म्हणे, "मामा, रंग?" ते गंभीरपणे सांगत, "मेंदीचा. वाळलेल्या."

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. विहाराच्या भिंतीचा निळा पट्टा मामांनी अंगावर घेतला होता. दोन दिवस ते पांढरेफटक दिसत होते, चार पायऱ्यांना धाप लागत होती. विचारलं तर, "हिरवट हाय. लई चौकश्या करून राहिली तू." रंगाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पट्टा पुरा झाला आणि ब्रश धुता धुता त्यांना रक्ताची उलटी झाली.

नांदेडपर्यंत गाडीत मी त्यांना कुशीवर धरून बसले. भीती होती, त्याहून राग होता.

"कधीपासून काळं होतंय?"

"परवापासून. पट्टा राहिला असता ना, पोरी."

रक्ताच्या पिशव्या चढल्या, शिरांमधला दाब उतरवायचं औषध सुरू झालं, दुर्बिणीतून फुटलेल्या शिरेला रबरी कडी बसवली. मी बाहेर बाकावर नखं खात होते. रक्त थांबलं. डॉक्टर मामांसमोरच म्हणाले, "रक्त थांबलंय, कॅन्सर थांबलेला नाही. पुन्हा झालं तर इथं यायचं का, हे मास्तर, तुम्ही ठरवायचं."

त्या कडीनं सव्वा महिना दिला. मग मामा अंथरुणाला खिळले. एका सकाळी भांडं उचलताना मला दिसलं. एका हातात भांडं धरूनच मी गाडीवाल्याला फोन लावला. खरं सांगितलं तर जायचं का नाही हे मामांना ठरवावं लागणार होतं.

"हिरवट आहे, मामा," मी म्हणाले.

त्यांनी कष्टानं मान वळवून भांड्यात पाहिलं.

"मास्तर कोण, तू का मी? डांबर हाय. आता नांदेड नको."

मी गाडीवाल्याला लावलेला फोन बंद केला.